सगळं डेस्कटॉपवरच आहे

"ताई, सी ड्राइव्हमध्ये काही आहे का? फॉरमॅट मारतोय," दुकानातल्या मुलाने फोनवर विचारलं. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "नाही रे बाबा, सीमध्ये काही नाही. सगळं डेस्कटॉपवरच आहे."

ही २०१७ ची गोष्ट. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला तो नव्यासारखा पळत होता, आणि पडद्यावर रिसायकल बिनशिवाय काही नव्हतं. लेकीच्या लग्नाचे फोटो, सासूबाईंच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद, शेतातल्या ठिबकच्या अनुदानाची फाइल, सगळं गेलं. सी ड्राइव्ह म्हणजे विंडोज जिथे राहतं तो साठवणीचा कप्पा, फॉरमॅट म्हणजे तो साफ पुसणं, आणि डेस्कटॉप म्हणजे त्याच सीच्या पोटातलं एक फोल्डर असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या मुलाने काही उलट विचारलं नाही. चूक कोणाची, यावर आमच्या घरात अजून दोन पार्ट्या आहेत.

मी अमळनेरची. एका शाळेच्या ऑफिसात ३१ वर्षं लिपिक होते. जनरल रजिस्टर, आवक-जावक, दाखले, पगारबिलं. पगारबिलं आधी हाताने, पुढे शालार्थ या सरकारी ऑनलाइन पगारप्रणालीवर. कॉम्प्युटरची मोठी कंपनी म्हणून मिरवणाऱ्या विप्रोचा जन्म १९४५ साली आमच्याच गावात झाला, तोही वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. माझ्या डेस्कटॉपला त्याचा काही उपयोग झाला नाही, ते सोडा. त्या संध्याकाळनंतर मी हट्टाने हे फोल्डरांचं प्रकरण समजून घेतलं, आणि आता गल्लीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की आधी मला हाक येते. रोज तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं. विंडोज १० आणि ११ दोन्हींवर हे चालतं. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आमच्या गल्लीत अजून तेच जास्त आहे.

आधी पत्ता बघा

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून धरा आणि ई दाबा. डावीकडे डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशी नावं दिसतील. ती तिथे वेगळी मांडलेली असतात, म्हणून वाटतं की ही फोल्डरं सी आणि डी सोडून तिसरीकडे कुठेतरी आहेत. तसं नसतं. त्या नुसत्या दारावरच्या पाट्या आहेत. खरं घर बघायचं तर 'धिस पीसी' उघडा, सी ड्राइव्हमध्ये जा, तिथे 'यूजर्स', त्यात तुमच्या नावाचं फोल्डर. सहाही जणं तिथे सापडतील.

तुमच्या नावाचं म्हटलं, पण ते नाव अर्धवट असू शकतं. कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं असेल, तर विंडोज ईमेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरं उचलतं आणि तिथेच थांबतं. माझं नाव मंगला. पाच अक्षरांत त्याचं 'मंगा' झालं. आमचे हे अजून त्याच नावाने चिडवतात. चिडवेनात; ते फोल्डरचं नाव बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका. कितीतरी प्रोग्रॅमांनी तो पत्ता लिहून ठेवलेला असतो, नाव बदललं की एकेकाला घर सापडेनासं होतं.

पत्ता बघायची दुसरी सोपी रीत: डॉक्युमेंट्सवर एकदा क्लिक करा आणि ऑल्ट धरून एंटर दाबा. प्रॉपर्टीजची छोटी खिडकी उघडते. तिच्यात वर 'लोकेशन' नावाचा टॅब असतो, आणि त्यात या फोल्डरचा पूर्ण पत्ता. आपण स्वतः तयार केलेल्या फोल्डरला हा टॅब नसतो. म्हणजे लोकेशन दिसलं तर ते विंडोजने मांडून दिलेलं फोल्डर, नाही दिसलं तर आपलं. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

सी ड्राइव्हमध्ये आणखीही फोल्डरं दिसतील: विंडोज, दोन-दोन प्रोग्रॅम फाइल्स, आणि लपवलेली दाखवायचं सेटिंग चालू असेल तर प्रोग्रॅमडेटा, तुमच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा. यांना सरकारी मिळकत समजा. हलवायची नाहीत, पुसायची नाहीत, "एवढी जागा कशाला खातंय" म्हणून आत डोकावून उचकायची तर अजिबात नाहीत. एखादा प्रोग्रॅम नको असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' मधून काढायचा. काही फोल्डरांत 'डेस्कटॉप' आणि पुढे टिंब-आयएनआय अशा नावाची एक फिकट फाइलही कधी दिसते. व्हायरस नाही तो. फोल्डरचं चित्र आणि दाखवायचं नाव त्यात लिहिलेलं असतं. राहू द्या.

धाकट्या जाऊबाईंकडे एकदा सगळंच गायब झालं होतं. डेस्कटॉप रिकामा, डॉक्युमेंट्स रिकामं. मी धावत गेले. बघते तर पुतण्याने त्याच्या ऑनलाइन परीक्षेसाठी नवीन खातं उघडलं होतं आणि कॉम्प्युटर त्याच खात्यात सुरू झाला होता. प्रत्येक खात्याचं डेस्कटॉप वेगळं, डॉक्युमेंट्स वेगळं. तेव्हा घाबरायच्या आधी स्टार्ट उघडून कोणाचं नाव आहे ते बघा. आमचा चहा मात्र तिथे फुकटात झाला.

डाउनलोड्स म्हणजे आवक

शाळेत टपाल आलं की आवक रजिस्टरला नोंद करायची आणि कागद ज्या त्या फाइलला लावायचा. आवकेच्या ट्रेमध्ये कागद मुक्कामाला राहिला की हेडसर ओरडायचे. डाउनलोड्स हा तो ट्रे आहे, आणि बहुतेक घरांत तो गेल्या पाच वर्षांत कोणी रिकामा केलेला नसतो.

माझ्याच डाउनलोड्समध्ये ४१ जीबी निघाले होते. मध्ये एकदा उभी राहून बघितलं तर एकाच गटाचे सातबारे सहा: साधा, मग कंसात एक, कंसात दोन, असे पाचपर्यंत. दरवेळी बँकेत नाहीतर सेतूत जायचं म्हटलं की आधीचा सापडत नव्हता, म्हणून परत काढला. डिजिटल सहीच्या एका उताऱ्याला १५ रुपये. पैशाचं काही नाही, पण सहातला ताजा कुठला हे कळत नव्हतं आणि मी तीन वर्षांपूर्वीचा छापून घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ३१ वर्षं दाखल्यांवरच्या तारखा तपासणारी मी!

आवरायला असं बसा. डाउनलोड्स उघडा, वर 'व्ह्यू' मध्ये 'डिटेल्स' निवडा, आणि 'साइझ' या शब्दावर क्लिक करा. सगळ्यात मोठ्या फाइली वर येतात. पहिल्या वीस-पंचवीस बघितल्या तरी पुरे. बहुतेक वेळा तिथे एखादा पिक्चर, प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाइल, ऑनलाइन क्लासचं रेकॉर्डिंग असं सापडतं. सेटअप फाइल एकदा इन्स्टॉल झाली की तिचं काम संपलं, काढून टाका. मग 'टाइप' वर क्लिक करा, म्हणजे पीडीएफ एका जागी, फोटो एका जागी येतील. पीडीएफ डॉक्युमेंट्समध्ये, फोटो पिक्चर्समध्ये. माउसने ओढत बसण्यापेक्षा कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही बरं. ओढताना हात सुटला की फाइल शेजारच्या फोल्डरात पडते आणि मग शोधा.

नाव द्यायची एकच सवय लावून घ्या: आधी साल, मग महिना, मग काय ते. '२०२५-०६ पीक विमा पावती'. असं केलं की नावावर लावल्या तरी फाइली तारखेने लागतात. मराठीत नाव दिलेलं चालतं, बिनधास्त द्या. फक्त तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे फाइलला '७/१२' असं नाव देताच येत नाही, विंडोज अडवतं. 'सातबारा' असं अक्षरात लिहा. ती रेघ फोल्डरच्या पत्त्यात वापरतात म्हणून ही अडचण. विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्हही त्याच यादीतलं.

डिलीट केल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही. फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते आणि तेवढीच जागा तिथे खाते. दोन-चार दिवस राहू द्या, काही आठवलं तर परत घेता येतं, आणि मग बिन रिकामी करा. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र बिनमध्ये येत नाही, ती थेट जाते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'स्टोरेज', तिथे 'स्टोरेज सेन्स' म्हणून एक सोय आहे. ती बिन आपोआप रिकामी करते, आणि डाउनलोड्सही रिकामं करू शकते. डाउनलोड्सच्या ओळीत 'नेव्हर' च ठेवा. आवकेचा ट्रे शिपायाने परस्पर रद्दीत घातला तर कसं होईल?

डीवर हलवणं

ज्यांच्या कॉम्प्युटरात सी आणि डी असे दोन ड्राइव्ह आहेत त्यांनी हे वाचावं. नुसतं सी असलेला लॅपटॉप असेल तर हा भाग सोडा. त्याचे उगाच दोन तुकडे करत बसू नका, बाहेरची हार्ड डिस्क घ्या.

माझ्या मशीनमध्ये २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, आहे आणि जोडीला १ टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. विंडोजमध्ये त्या २३८ आणि ९३१ जीबी दिसतात. दुकानदाराने फसवलं असं समोरचे नाना आठवडाभर म्हणत होते; फसवलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. एवढाच फरक. सी छोटी पण चपळ, डी मोठी पण संथ. विंडोज आणि प्रोग्रॅम सीवर, आपला संसार डीवर, ही वाटणी मला पटते. सी पुसायची वेळ आली तर संसार वाचतो.

काम सुरू करायच्या आधी वर्ड, क्रोम, व्हॉट्सॲप सगळं बंद करा. उघडी फाइल हलत नाही. आणि लाइटीचं बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि फाइली हलत असताना वीज गेली तर अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, नाहीतर इन्व्हर्टर बघून मगच बसा. माझे ३४ जीबी फोटो जायला अर्ध्या तासाच्या आसपास लागले.

मग डीमध्ये आपल्या नावाचं एक फोल्डर करा. त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप, व्हिडिओज अशी रिकामी फोल्डरं करा. आता डावीकडच्या डॉक्युमेंट्सवर क्लिक करून ऑल्ट-एंटर, लोकेशनचा टॅब, तिथे 'मूव्ह' चं बटण. जी खिडकी उघडेल तिच्यात डीमधलं तुमचं नाव, त्यातलं डॉक्युमेंट्स उघडा आणि 'सिलेक्ट फोल्डर' दाबा. 'अप्लाय' केलं की विंडोज विचारतं, जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइली नव्या जागी नेऊ का? 'येस'. पट्टी सरकेल, संपेल. एकाचं पूर्ण झालं की मग दुसऱ्याचं. पाचही एकदम सुरू करायची घाई नको.

'नो' म्हटलं तर फाइली जुन्या जागीच राहतात आणि पाटी नव्या, रिकाम्या घरावर लागते. मग लोक म्हणतात फाइली उडाल्या. उडत नाहीत, सी-यूजर्समध्ये जुन्या फोल्डरात बसून असतात.

कोणी म्हणेल, नुसतं कट करून डीमध्ये पेस्ट केलं तर? फाइली जातील, पण पाटीचं काय? वर्ड उद्या 'सेव्ह' म्हटल्यावर परत सीमधल्याच डॉक्युमेंट्सला जाणार. लोकेशनमधून हलवलं की पाटी आणि सामान दोन्ही जातं, आणि सगळ्या प्रोग्रॅमांना नवा पत्ता कळतो. क्रोमचं तेवढं एकदा तपासा: त्याच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड्स' ची जागा वेगळी लिहिलेली असते. तिथेच 'सेव्ह करण्याआधी विचार' असा पर्याय आहे, तो मी चालू ठेवते. कागद आला की तिथल्या तिथे जागेवर.

स्टोरेजच्या सेटिंग्जमध्ये 'नवीन सामान कुठे ठेवायचं' असाही एक पर्याय दिसेल. तो फक्त नव्या फाइली डीवर टाकतो, जुन्या सीवरच राहतात. मला तो पटला नाही. एक चूल जुन्या घरात आणि एक नव्यात, असं किती दिवस चालवायचं?

म्युझिक मी हलवलंच नाही. रिकामं होतं.

मी केलेली घोडचूक

पहिल्यांदा हे करताना मी डीमध्ये वेगळी फोल्डरं केली नव्हती. मूव्ह दाबलं, सरळ डी ड्राइव्ह निवडला, सिलेक्ट फोल्डर, येस. डॉक्युमेंट्सच्या सगळ्या फाइली डीच्या उंबऱ्यावर येऊन सांडल्या. बघते तर डी ड्राइव्हचंच नाव डॉक्युमेंट्स झालेलं. मला वाटलं, छान झालं. त्याच जोशात डाउनलोड्सलाही डीच दिला. तेव्हा एक लांबलचक इंग्रजी सूचना आली. मी ती आता वाचली आहे, तेव्हा वाचली नव्हती. तिचा अर्थ असा, की हे फोल्डर दुसऱ्या एका सिस्टिम फोल्डरच्या जागी चाललं आहे, एकदा मिसळली की पुन्हा वेगळी करता येणार नाहीत, खरंच पुढे जायचं का? मी येस म्हटलं. शाळेत इतक्या अर्जांवर सह्या घेतल्या की "वाचून सही करा" हे वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं, पण ते दुसऱ्यांसाठी.

त्यानंतर डॉक्युमेंट्स उघडलं की डाउनलोड्स दिसायचं आणि डाउनलोड्स उघडलं की डॉक्युमेंट्स. लोकेशनचा टॅब शोधते तर तो गायब. 'रिस्टोर डिफॉल्ट' हे बटण त्याच टॅबमध्ये असतं, तेही त्यासोबत गेलं. शेवटी पुण्याहून मुलगा विंडोजमधल्या क्विक असिस्टने माझ्या पडद्यावर आला. रजिस्ट्री नावाच्या जागेत 'यूजर शेल फोल्डर्स' असं एक पान आहे, तिथे या सगळ्यांचे पत्ते लिहिलेले असतात. डॉक्युमेंट्सला तिथे 'पर्सनल' म्हणतात, आणि डाउनलोड्सला तर नावच नाही, अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ आहे. त्याने आधी त्या पानाची प्रत काढून ठेवली, मग दोन पत्ते दुरुस्त केले आणि मशीन रिस्टार्ट केलं. वर मला विचारलं, "आई, तू सूचना वाचत नाहीस?"

म्हणून तीन गोष्टी. मूव्ह करताना उघडा ड्राइव्ह कधी निवडू नका, आतलं फोल्डर निवडा. दोन फोल्डरांना एकच जागा देऊ नका. आणि पेन ड्राइव्हचा पत्ता तर अजिबात देऊ नका. तो काढला की डॉक्युमेंट्स बेघर. रजिस्ट्रीत एकट्याने शिरू नका. जाणता माणूस जवळ नसेल तर तसंच राहू द्या, फाइली जिवंत असतात.

ढगाचं चित्र

नवीन लॅपटॉप घेतलेल्यांची तक्रार वेगळी असते. मूव्ह करायला गेलं की विंडोज नाही म्हणतं. लोकेशनमधला पत्ता वाचा: यूजर्स, तुमचं नाव, मग 'वनड्राइव्ह', मग डॉक्युमेंट्स असा असेल तर तुमचं फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन तिजोरीला जोडलेलं आहे. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना ही जोडणी बऱ्याचदा आपल्या नकळत होऊन जाते. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की रोज लाल खुणा आणि पैशाची आठवण.

जोडणी वाईट नाही. मोजके महत्त्वाचे कागद असतील तर मी म्हणेन राहू द्या, चोरी-आगीतही वाचतील. पण फोटो-व्हिडिओंसाठी ५ जीबी म्हणजे एक साखरपुडा. काढायची असेल तर खाली घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करा, दातेरी चक्र, 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', आणि ज्या फोल्डरांची जोडणी नको त्यांची बटणं बंद करा. फोल्डरं रिकामी दिसतील. घाबरू नका: फाइली वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरात आहेत, तिथून उचलून आपल्या जागी आणा. नुसत्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या मशीनवर उतरलेलीच नसते, नेट लागेल. आणि वनड्राइव्हमध्ये असताना इथून पुसलं की तिकडूनही पुसलं जातं. ऑनलाइन बिनमध्ये ती साधारण ३० दिवस राहते, चूक झालीच तर तिथे बघा.

फॉरमॅटला द्यायच्या आधी

समोरचे नाना मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणी. एका सकाळी दारातूनच ओरडले, "ओ माय, मना फोटू कथा ग्यात? कॉम्प्युटर खाई गया का काय?" म्हणजे, माझे फोटो कुठे गेले, कॉम्प्युटरने खाल्ले की काय? भाच्याने आदल्या आठवड्यात विंडोज नव्याने टाकून दिलं होतं. नातवाच्या जावळाचे फोटो डेस्कटॉपवर होते. मला माझं २०१७ साल आठवलं, पोटात गोळा आला.

पण भाच्याने आळस केला होता, फॉरमॅट न मारता जुन्यावरच नवं टाकलं होतं. सी उघडून बघितलं तर 'विंडोज' आणि पुढे 'ओल्ड' अशा नावाचं फोल्डर. त्यात 'यूजर्स', त्यात नानांचं जुनं नाव. परवानगी नाही म्हणून अडवलं, 'कंटिन्यू' दाबलं, आणि त्यांचं जुनं डेस्कटॉप जसंच्या तसं. २१२ फोटो. नानांनी चष्मा काढून पुसला. मी आधी सगळे डीवर कॉपी केले, मग बोलले. कारण हे ओल्ड फोल्डर पाहुणं असतं. अपग्रेडनंतर साधारण दहा दिवसांत विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. आणि खरंच फॉरमॅट मारलेला असेल तर ते नसतंच.

तेव्हा मशीन कोणाकडेही द्यायच्या आधी स्वतः सी, यूजर्स, आपलं नाव एवढं उघडा आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज यांच्या प्रॉपर्टीज बघा. साइझ शून्य असेल तर सुटलात. नसेल तर आधी कॉपी. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड वेगळे असतात, ते ॲपडेटात राहतात. गूगलच्या खात्याला जोडलेले नसतील तर तेही काढून घ्या. दुकानात सांगताना "सगळं डीवर आहे" एवढं सांगून थांबू नका. "फक्त सी फॉरमॅट करा, डीच्या पार्टिशनला हात लावू नका" असं सांगा, आणि शक्य असेल तर चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. मी चिकटवते. लोक हसतात.

परत आल्यावर फोल्डरं आपोआप डीला जोडली जात नाहीत. नव्या विंडोजला तुमचा जुना पत्ता माहीत नसतो. पुन्हा लोकेशन, पुन्हा मूव्ह, पुन्हा डीमधलं तेच फोल्डर. दहा मिनिटांचं काम.

आता डीबद्दल. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर डिस्क मेली की दोन्ही गेले. वेगळी डिस्क असली तरी तीही मरते, वर मे महिन्यात आमच्या इथल्या ४४-४५ अंशांत पत्र्याखालच्या खोलीत पंख्याविना मशीन चालवलं तर लवकरच मरेल. त्यामुळे बाहेरची एक हार्ड डिस्क लागतेच. मी वर्षातून दोनदा, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाच्या आसपास, डीमधलं 'मंगला' फोल्डर उचलून तिच्यावर कॉपी करते. दरवेळी नवीन फोल्डर, त्यावर तारीख. जुन्यावर नवं टाकत नाही, कारण मधल्या काळात काही चुकून पुसलं असेल तर ते जुन्यात सापडतं. काढताना घड्याळाजवळच्या चिन्हातून 'इजेक्ट' करून मगच वायर ओढायची. डिस्क मशीनजवळ ठेवत नाही. ती धुळ्याला बहिणीकडे असते, तिची माझ्याकडे. दर फेरीला अदलाबदल होते, सोबत कळण्याच्या पिठाची पिशवी.

लग्नाचे फोटो सगळे नाही परत मिळाले. फोटोग्राफरने दिलेली डीव्हीडी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, पण घरात ती वाचणारं यंत्र उरलं नव्हतं. शाळेतल्या एका जुन्या मशीनवर घालून बघितली, निम्मी वाचली गेली. बाकी काही पाहुण्यांच्या मोबाइलमधून गोळा केले. एकूण १८७. पिक्चर्समध्ये आहेत, '२०१४-०५ लग्न' या नावाने.